संत्र्याची गाडी, सातपुड्याची वाट

पांढुर्णा-सौसर भागातल्या संत्र्याच्या बगीचेवाल्यांकडे छोटी मालगाडी ही आता घरचीच वस्तू झाली आहे. कुणाकडे टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', कुणाकडे बोलेरो पिकअप, कुणाकडे अशोक लेलँडची दोस्त. घरातली मोठी माणसं तिच्याकडे कॅरेट, खत आणि मंडीचं भाडं या हिशेबाने बघतात. पण अलीकडे घरातल्या पोरापोरींची नजर वेगळी झाली आहे. मोबाईलवर कुठल्या तरी वाळवंटात, बर्फात उभी असलेली पिकअप दिसते. तिच्या टपावर तंबू, पुढे दिव्यांची रांग, चाकं कमरेएवढी. मग घरात विषय निघतो.

"काकाजी, आपल्या गाडीवर असं छप्पर बसवलं तर? तामियाले जाऊन मुक्काम करू."

"सारं बसव बाप्पा, पण बहार आला म्हणजे संत्रा कायच्यात भरशीन?"

असं उत्तर मिळालं की पोरं हिरमुसतात. माझ्या मते मात्र या विषयावरचा सगळ्यात उपयोगी प्रश्न काकाजींनीच विचारलेला असतो. परदेशी व्हिडिओत दिसणारी गाडी बहुधा हौसेसाठी घेतलेली असते. आपली गाडी पोट भरते. शनिवारी रात्री तिच्यात झोपायचं असेल, तर सोमवारी पहाटे तिच्यात तीस कॅरेट चढले पाहिजेत. ही अट एकदा मान्य केली की काय बसवायचं आणि काय नाही, याचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

ही अट फक्त आपल्याच अंगणातली आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात 'यूट' नावाची गाडी आहे, पुढून मोटार आणि मागून हौदा. तिची जन्मकथा तिकडे सगळ्यांना ठाऊक असते. १९३२ च्या सुमारास व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी आम्हाला हवी आहे, दोन घ्यायची ऐपत नाही. लू बँड या तरुण अभियंत्याने ती आखली आणि १९३४ मध्ये ती बाजारात आली. जपानमध्ये शेतकऱ्यांचा 'केई ट्रक' आहे. इंजिन जास्तीत जास्त ६६० सीसी, लांबी ३.४ मीटरच्या आत, भार ३५० किलो, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीपेक्षाही धाकटा. तिथली हौशी मंडळी त्याच्या हौद्यात उचलून ठेवता येईल अशी लाकडी खोली बनवतात आणि काम निघालं की उतरवून ठेवतात.

आपल्याकडे तर हे मोटारीच्याही आधीपासून होतं. महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला बंडीने जायचे दिवस आठवणारी माणसं अजून एखाद्या घरात भेटतील. बांबूच्या कमच्या वाकवून वर तट्ट्या टाकायचा, खाली कडबा, त्यावर सतरंजी, मागे पाण्याचा हंडा आणि शिधा. परत आलं की तट्ट्या काढायचा आणि त्याच बंडीत शेणखत भरायचं. या लेखात जी बांधणी सांगतो आहे ती तीच आहे, कमच्यांच्या जागी पाइप आणि कडब्याच्या जागी कॅरेट एवढाच फरक.

आधी गाडीचं बघू. टाटा एस २००५ साली आली. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती घडवली. पहिलं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, अवघ्या १६ अश्वशक्तीचं. हौदा सुमारे २२०० मिलिमीटर लांब आणि १४९० रुंद, भार पाऊण टन, चाकं १२ इंची. म्हणजे ही गाडी डोंगर चढायला बनलेली नाही, गल्लीबोळातून माल पोचवायला बनली आहे. सिलेवानीचा घाट ती चढते, पण आपल्या चालीने. बोलेरो पिकअपचा हौदा मोठा, ताकद जास्त, जमिनीपासूनची उंचीही बरी. कारखान्यातूनच चारही चाकांना ताकद मिळणारी पिकअप हवी तर २०१६ मध्ये आपल्याकडे आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आहे, किंवा २०२२ ची टोयोटा हायलक्स, जिची किंमतच ३४ लाखांच्या घरात सुरू झाली होती. एवढ्या पैशात आपल्याकडे काय काय होतं ते घरात विचारून बघा. म्हणून अंगणात उभी आहे त्या गाडीबद्दलच बोलू, आणि हिशेब छोट्या हत्तीचा मांडू, कारण त्याला जमलं ते बाकीच्यांना जमतंच.

बहुतेक पोरांच्या डोक्यात पहिली गोष्ट असते ती टपावरचा तंबू. तीच सगळ्यात आधी यादीतून काढा. असा तंबू पन्नास-साठ किलोचा असतो आणि हे वजन गाडीच्या सगळ्यात उंच ठिकाणी बसतं. छोटा हत्ती अरुंद आहे. बगीच्याच्या बांधावरून किंवा घाटातल्या कच्च्या वाटेवरून एका अंगाने कलती गेली की उंचावरचं वजन तिला त्याच अंगाला ओढतं. हेच साठ किलो हौद्याच्या तळाशी असले तर ते गाडीला उलट जमिनीशी धरून ठेवतात. लोखंडी पत्र्याच्या बंद पेटीसारख्या छपराचंही तेच. त्याचं वजन सहज शंभर किलोच्या वर जातं आणि बहार आला की ते उतरवायला चार माणसं आणि ठेवायला एक खोली लागते.

दुसरी गोष्ट कायद्याची. ही कंटाळवाणी वाटते पण तीच सगळ्यात महाग पडू शकते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की कंपनीने गाडीची जी मूळ रचना नोंदवली आहे तिच्यापासून वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढे लावायच्या लोखंडी बुल-बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं होतं. वेल्डिंग करून छप्पर जोडणं, चासी कापणं, दीडपट मोठे टायर, डोळे दिपवणारे एलईडी पट्टे, हे सगळं त्याच रांगेत येतं. दंड भरून सुटता येईल एक वेळ. पण अपघात झाला आणि विमा कंपनीने "गाडी मूळ स्वरूपात नव्हती" म्हणून दावा अडवला, तर नुकसान ज्याने हौस केली त्याचं होत नाही, ज्याच्या नावावर गाडी आणि कर्ज आहे त्या बाबांचं होतं. बांधून नेलेला, सोडून ठेवता येणारा सामान हा माल असतो. मालगाडीने माल नेला तर कुणाचं काही म्हणणं नाही.

आणि एक गोष्ट पोरांना आवडणार नाही, तरी सांगतो. चालत्या गाडीत हौद्यात कुणी बसायचं नाही. मालगाडीत माणसं वाहणं कायद्याला मान्य नाही आणि उलटलेल्या पिकअपच्या बातम्या आपण दर लग्नसराईत वाचतो. म्हणजे छोटा हत्ती ही दोघांची गाडी झाली. चौघं असाल तर बाकीचे मोटरसायकलने या, किंवा डबल केबिनची बोलेरो कॅम्पर असलेला मामा शोधा. सौसरहून सावनेरकडे किंवा पांढुर्ण्याहून वरुडकडे महाराष्ट्रात शिरणार असाल तर एक दिलासा आहे. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला परमिटच्या अटीतून कलम ६६ ने सूट दिली आहे. तुमच्या गाडीचं एकूण वजन आरसीवर छापलेलं असतं, ते बघून ठेवा. फिटनेस, विमा आणि पीयूसी मात्र लागतातच.

आता बांधणी. संत्र्याचा प्लॅस्टिक कॅरेट साधारण ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि ३० च्या आसपास उंच असतो. छोट्या हत्तीच्या हौद्यात लांबीने चार आणि रुंदीने तीन असे बारा कॅरेट लावा. २१६ बाय १०८ सेंटिमीटरचा ओटा तयार होतो, गुडघ्याच्या थोडा खाली. त्यावर १२ मिलिमीटरचा आठ बाय चार फुटी प्लाय. त्याची लांबी हौद्यापेक्षा जास्त असते, म्हणून एका टोकाचा एक फूट कापून घ्या. उरलेल्या सात फुटांचे दोन-तीन तुकडे केले की एकट्याला उचलता येतात आणि मधला तुकडा काढून खालच्या कॅरेटमध्ये हात घालता येतो. कापलेला चार फुटांचा पट्टा फेकू नका. मागचा फाळका आडवा पाडून त्यावर तो ठेवला की स्वयंपाकाचा ओटा झाला.

चार फूट रुंदीत दोन माणसं व्यवस्थित झोपतात. कॅरेट रिकामे नसतातच. एकात डाळ-तांदूळ-कांदे, एकात भांडी, एकात कपडे, एकात अवजारं. कॅरेटला जाळी असते म्हणून हवा खेळते, ओलं राहत नाही. सगळे कॅरेट एका बाजूला सरकवून लावले की दुसऱ्या बाजूला वीतभराहून मोठी सलग फट उरते. तिथे वीस-वीस लिटरच्या पाण्याच्या तीन कॅन मागच्या चाकांच्या वर येतील अशा उभ्या करा. वर प्लायची कड येऊन अडकत असेल तर एका तुकड्याची कड दोन-तीन इंच छाटा. सगळं हौद्याच्या कड्यांना खटक्याच्या पट्ट्याने आवळून बांधा. दोरीने नाही, कच्च्या रस्त्यावर दोरी तासाभरात ढिली होते.

छपरासाठी पाऊण इंची जीआय पाइपच्या चार कमानी वाकवून घ्या. फॅब्रिकेशनवाला मंडपाच्या कमानी करतो त्याच पद्धतीच्या. हौद्याच्या बाजूंना त्या यू-क्लॅम्प आणि नटबोल्टने बसतील असं करा, वेल्डिंग नको. प्रवासात कमानी सोडून एकात एक प्लायवर आडव्या ठेवायच्या आणि मुक्कामाला पोचल्यावर उभ्या करून ताडपत्री ओढायची. दोघांना पंधरा-वीस मिनिटांचं काम. ताडपत्रीच्या आतून एक जुनं सुती लुगडं किंवा चादर ताणून बांधायला विसरू नका. थंडीच्या रात्री दोघांच्या श्वासाची वाफ ताडपत्रीला लागून थेंब होते आणि पहाटे तोंडावर पडते. सुती कापड ते थेंब शोषतं. पुढून आणि मागून हाताएवढी हवेची वाट उघडी राहिलीच पाहिजे.

याचं वजन बघा. कॅरेट २५ किलो, प्लाय २५, कमानी-ताडपत्री २५ ते ३०, पाणी ६०, गादी-पांघरुणं १५, शिधा-भांडी-शेगडी २५, अवजारं २५, कपडे-किरकोळ २०. सव्वादोनशे किलोच्या आसपास. पाऊण टनाच्या गाडीला हे एक तृतीयांशही नाही, आणि तेही सगळं तळाशी. गंमत म्हणजे गाडीला हे ओझं आवडतं. मागचे पाटे भरल्या मालासाठी बनवलेले असतात, त्यामुळे रिकामी पिकअप खड्ड्यात उधळते आणि ओल्या चढावर तिची मागची चाकं जागच्या जागी फिरतात, कारण ताकद मागच्या चाकांना आणि वजन पुढे. सव्वादोनशे किलो मागे बसले की दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात. काही जण आरामासाठी मागचा एखादा पाटा काढून टाकतात. तसं करू नका. पुढच्या तोडीला गाडी संत्र्याखाली बसेल.

वाटेसाठी बदल तीनच, आणि तिन्ही साधे. एक, त्याच मापाचे पण खोल नक्षीचे, चांगल्या अवस्थेतले टायर. दोन, इंजिनच्या चेंबरखाली तीन मिलिमीटरचा पत्रा नटबोल्टने, त्यात तेल सोडायला आणि हवेला भोकं ठेवून. आपल्या बसाल्टच्या धोंड्यांना चेंबर फोडायला वेळ लागत नाही. तीन, पुढे-मागे ओढायचे हूक चासीला पक्के आहेत ना हे मिस्त्रीला दाखवून घेणं आणि सोबत रुंद नायलॉन पट्टा ठेवणं. साखळीने ओढू नका, ती तुटली तर गोळीसारखी उडते. गाडी उंच करायचा मोह होतो. पण ठोकळे घालून उंची वाढवली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, आणि वजनाची जी गोष्ट वर सांगितली ती पुन्हा उलटते.

टायरमधली हवा हे फुकटचं हत्यार आहे. भरल्या मालासाठी सांगितलेला दाब एवढ्या कमी ओझ्यावर फार कडक पडतो. भुसभुशीत किंवा दगडी वाटेवर तो वीस-पंचवीस टक्क्यांनी उतरवला की टायर पसरतो आणि पकड धरतो. वेग बैलगाडीचा ठेवायचा आणि डांबरीवर चढण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ हवा. ट्यूबवाले टायर असतील तर याहून खाली जाऊ नका. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. रुतलात तर आपला जुना उपाय सगळ्यात चांगला: फावड्याने चाकापुढची माती काढा आणि बारदान दुमडून चाकाखाली सारा.

पण काळ्या मातीत पावसाळ्यात हे काहीच चालत नाही. टायरची नक्षी दोन फेऱ्यांत माती धरून गुळगुळीत होते, मग तो टायर राहत नाही, लाडू होतो. तसंही पावसाळ्यात रपटे असतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवायची, मग ते घोटाभर दिसत असलं तरी. जाम काय किंवा कन्हान काय, डोंगरात पाऊस झाला की पाणी कसं चढतं ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

मग जायचं कधी? बगीचाच सांगतो. आंबिया बहाराची तोड साधारण डिसेंबरपर्यंत आटोपते आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चला सुरू होते. मधला जानेवारी गाडीलाही मोकळा आणि सातपुड्यालाही उत्तम. थंडी कडक असते एवढंच.

थंडीवरून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसमोर ठरवून घ्या. ताडपत्रीच्या आत शेगडी, स्टोव्ह, निखाऱ्यांची घमेली, काहीही पेटतं न्यायचं नाही. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही आणि झोपेत माणूस उठत नाही. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. जास्तीची रजई न्या, हाच उपाय.

विजेला फार डोकं लावू नका. दोन दिवे, दोघांचे मोबाईल आणि एक छोटा पंखा यांना रात्रभरात तीनशे वॅट-अवर पुरतात. जानेवारीत पंखा लागणारच नाही. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-अवर देते आणि वजनाने सहा-सात किलोच असते. तिला धन टोकाजवळच फ्यूज लावा. १०० वॅटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारशे वॅट-अवर परत भरतं. तेच सगळं नंतर बगीच्यातल्या झोपडीत वापरता येतं, म्हणून या खर्चाला घरून विरोध होत नाही. गाडीच्या मूळ बॅटरीवर मात्र काही चालवू नका. सकाळी सेल्फ मारला नाही तर रानात धक्का द्यायला कोण आहे?

पहिला मुक्काम आपल्याच बगीच्यात करा. काय विसरलं ते तिथेच कळतं आणि घर हाकेवर असतं. दुसरा देवगडला. जामसावळीच्या हनुमानाला नमस्कार करून सौसरमार्गे सिलेवानीचा घाट चढायचा आणि पुढे मोहखेडच्या बाजूला वळायचं. हा गोंड राजांचा किल्ला. ज्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं तो इथलाच. आपल्या घरात "नागपूरले जाऊन येतो" हे वाक्य आठवड्यातून एकदा होतं, पण नागपूरची मुळं आपल्याच जिल्ह्याशेजारी आहेत हे पोरांना बहुधा ठाऊक नसतं. किल्ल्यात मुक्काम नाही. गावात कुणाच्या तरी शेतात विचारून गाडी लावा, मराठी-हिंदी दोन्ही चालतं.

तिसरी वाट लांबची, छिंदवाडा-परासियावरून तामिया आणि पातालकोट. दरीच्या तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत आणि २०१९ मध्ये ती दरी जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे वरच थांबा, गाडी घेऊन खाली उतरायची हौस करू नका. ती कुणाची तरी घरं आहेत, आपली शर्यतीची वाट नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही आणि आग पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्यापासून गुन्हा आहे. पेंचच्या बाजूला तर विचारही नको. वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारलं की ते स्वतःच बरी जागा सांगतात, पाणी कुठे आहे तेही.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलात की आधी क्लॅम्प सोडा आणि कमानी गोठ्याच्या भिंतीला टांगा. प्लाय सपाट जागेवर आडवा ठेवा, भिंतीला टेकवून उभा ठेवला तर वाकतो. कॅरेट धुऊन उन्हात पालथे घाला, विशेषतः ज्यात स्टोव्ह होता तो. संत्र्याला रॉकेलचा वास लागला तर व्यापारी भाव पाडतो, आणि मग काकाजी पुढच्या जानेवारीत चावी देत नाहीत.